चावी काढली, तरी ट्रक चालूच! जुनं डिझेल इंजिन बंद का होत नाही?

ऑगस्ट उजाडतो, मासेमारीवरची बंदी उठते आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात दोन महिने थांबलेली धावपळ पुन्हा सुरू होते. बोटी पाण्यात जातात, बर्फाच्या गाड्या येऊन लागतात आणि पावसाळाभर ताडपत्रीखाली उभा असलेला एखादा जुना ट्रकही बाहेर निघतो. स्टार्टर मारला की इंजिन धरतं. थोड्या वेळाने ड्रायव्हर चावी फिरवून काढतो, खिशात टाकतो आणि इंजिन धडधडतच राहतं. स्टॉपचा नॉब ओढला तरी तेच. नॉब बाहेर येतो, इंजिनाला त्याचा पत्ताच नसतो.

पेट्रोल गाडी चालवणाऱ्याला हे भुताटकीसारखं वाटेल. जुन्या ट्रकवाल्यांना मात्र हा प्रकार चांगलाच माहीत असतो. बऱ्याचदा तो हसण्यावारीही नेला जातो, कारण गाडी गिअरमध्ये टाकून, क्लच सोडून मारता येते. पण 'इंजिन बंद होत नाही' या एकाच तक्रारीखाली दोन वेगळे आजार लपलेले असतात. पहिल्यात इंजिन आपल्या नेहमीच्या लयीत चालत राहतं. तो त्रासदायक असला तरी जिवावरचा नसतो. दुसऱ्यात इंजिनाचा वेग आपोआप वाढत जातो आणि तो कुणाच्याच हातात राहत नाही. ड्रायव्हरांच्या भाषेत गाडी 'रेस झाली'. इथे हातात काही सेकंदच असतात.

चावीचा आणि डिझेलचा संबंधच काय?

पेट्रोल इंजिनात इंधन पेटवायला स्पार्क प्लग लागतो. चावी बंद केली की वीज तुटते, ठिणगी थांबते आणि इंजिनही थांबतं. डिझेल इंजिनात ठिणगी नावाची गोष्टच नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचं इंजिन १८९७ मध्ये यशस्वीपणे चाललं, ते याच कल्पनेवर. सिलिंडरमधली हवा साधारण १६ ते २० पट दाबली की ती इतकी तापते (५०० अंश सेल्सिअसच्या पुढे) की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं.

म्हणजे डिझेल इंजिन थांबवायचे मार्ग दोनच: इंधन तोडा किंवा हवा तोडा. तिसरा मार्ग जबरदस्तीचा, म्हणजे इंजिनावर इतका भार टाका की ते गुदमरून बंद पडेल. पुढे जे काही उपाय येतात, ते सगळे या तिघांत बसतात.

जुन्या ट्रकमध्ये इंधन पोचवायचं काम पूर्णपणे यांत्रिक पंपाकडे असतं. रॉबर्ट बॉशच्या कंपनीने असे पंप १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले. भारतात १९५१ मध्ये मायको सुरू झाली, आणि १९५४ मध्ये टेल्कोने डायम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला सुरुवात केली. मायकोचं नाव पुढे २००८ मध्ये 'बॉश लिमिटेड' झालं, तरी गॅरेजमध्ये आजही 'मायकोचा पंप' म्हटलं की कुणी वेगळं विचारत नाही.

या पंपाच्या आत एक दातेरी पट्टी असते, तिला रॅक म्हणतात. रॅक एका बाजूला सरकली की जास्त डिझेल, दुसऱ्या बाजूला सरकली की कमी आणि अगदी टोकाला गेली की शून्य. अॅक्सिलरेटर आणि गव्हर्नर मिळून ही रॅक हलवतात. इंजिनाचा वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की गव्हर्नर रॅक मागे ओढतो. इंजिन बंद करायचं म्हणजे ही रॅक शून्यावर न्यायची. एकदा सुरू झालं की या सगळ्या कामाला विजेची गरजच नसते. म्हणूनच जुना ट्रक बॅटरी काढून घेतली तरी चालत राहतो.

रॅक शून्यावर नेण्याच्या पद्धती गाडीगणिक बदलतात. सर्वांत जुनी म्हणजे केबिनमधून पंपापर्यंत गेलेली स्टॉप केबल. नंतरच्या गाड्यांत चावीला जोडलेला सोलेनॉइड आला. त्याचेही दोन प्रकार आहेत आणि ते ठाऊक नसतील तर दुरुस्ती भलत्याच दिशेला जाते. एका प्रकाराला इंजिन *चालू ठेवायला* वीज लागते. वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने इंधन बंद होतं. दुसऱ्या प्रकाराला इंजिन *बंद करायला* वीज लागते. त्यामुळे फ्यूज उडालेला असला किंवा वायर तुटलेली असली, तर गाडी मजेत चालते, फक्त बंद होत नाही.

शांतपणे चालत राहणारं इंजिन

गाडी सपाटीवर उभी आहे, इंजिन नेहमीच्या आयडलिंगवर आहे आणि फक्त बंद होत नाही, तर घाबरण्याचं कारण नाही. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेकवर ठेवायची, चाकांना ठोकळे लावायचे. मग बॉनेट किंवा केबिन उघडून पंपावरचा स्टॉपचा लिव्हर शोधायचा आणि तो हाताने बंदच्या दिशेला ढकलायचा. पंखा आणि पट्टा फिरत असतो, तेव्हा सैल बाही, गळ्यातला टॉवेल आणि लटकणारी चेन आधी बाजूला.

या एका कृतीत निम्मं निदान होऊन जातं. लिव्हर हाताने ढकलल्यावर इंजिन बंद पडलं, तर पंप ठीक आहे आणि दोष केबलमध्ये किंवा सोलेनॉइडमध्ये आहे. लिव्हर शेवटपर्यंत गेला आणि तरीही इंजिन चालूच राहिलं, तर बिघाड पंपाच्या पोटात आहे. तिथे रस्त्याकडेच्या पान्या-पक्कडीचं काम नाही. पंप उतरवून टेस्टिंगच्या मशीनवर लावावा लागतो.

रत्नागिरीत केबलवर संशय आधी घ्यावा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि त्यात समुद्राची खारी हवा. मासळीच्या गाड्यांना तर वितळलेल्या बर्फाचं खारट पाणी रोजच लागतं. केबलच्या बाहेरच्या नळीला एखादी चीर गेली की पाणी आत उतरतं, खालच्या वाकणात साचतं आणि आतली तार गंजून फुगते. नॉब ओढताना तो जड लागतो, मग एक दिवस अडकतो किंवा तार आतच तुटते. दुसरा दोष इतका साधा असतो की तो सुटून जातो. केबलची बाहेरची नळी पंपाजवळ एका क्लॅम्पने पकडलेली असते. तो क्लॅम्प ढिला झाला की नॉब ओढल्यावर आतल्या तारेऐवजी अख्खी नळीच सरकते. लिव्हर अर्ध्यावर येतो, इंजिन जरा मंदावतं, पण मरत नाही. नवी केबल आणण्याआधी हा स्क्रू बघून घेतला तर पैसे वाचतात.

तुटलेल्या केबलच्या जागी लिव्हरला सुतळी बांधून ती केबिनमध्ये घेणारे महाभाग आहेतच. गॅरेजपर्यंत जायला ही सोय ठीक, पण सुतळी एखाद्या पाईपात अडकली तर लिव्हर अर्धवट ओढलेला राहतो आणि चढावर गाडी ओढत नाही. मग लोक त्याचं खापर डिझेलवर फोडतात.

सोलेनॉइड असलेल्या गाडीची परीक्षा वेगळी. चालू ठेवायला वीज लागणारा प्रकार असेल, तर चावी बंद करून त्याची वायर काढून बघायची. वायर काढताच इंजिन बंद पडलं, तर याचा अर्थ चावी बंद असूनही कुठून तरी वीज येत होती. चावीचा स्विच आतून चिकटलेला असेल, रिले अडकलेला असेल किंवा अल्टरनेटरकडून उलटा पुरवठा होत असेल. नंतर कुणी जादा दिवे, हॉर्न किंवा टेप बसवताना वायरी भलत्या ठिकाणी जोडल्या असतील, तर हा उलटा पुरवठा हमखास होतो. वायर काढूनही इंजिन चालूच राहिलं, तर आतला प्लंजर कचऱ्याने किंवा गंजाने उघडा अडकला आहे.

बंद करायला वीज लागणारा प्रकार असेल तर टेस्ट लॅम्प सोलेनॉइडच्या टोकाला लावायचा आणि दुसऱ्याला चावी बंद करायला सांगायचं. दिवा लागला आणि सोलेनॉइड हलला नाही, तर एक तर तोच गेला आहे किंवा त्याची अर्थिंग गंजली आहे. दिवाच लागला नाही तर फ्यूज, स्विच आणि वायर तपासायची. किनाऱ्यावर अर्थिंगचे बोल्ट आधी घासून बघावेत. नवा सोलेनॉइड बसवूनही तक्रार तशीच राहिली, तर बहुतेक वेळा गुन्हेगार तोच हिरवट पडलेला बोल्ट असतो.

एक चूक मात्र सर्रास होते: इंजिन बंद होत नाही म्हणून बॅटरीची वायर उपटणं. त्याने यांत्रिक पंपाला काहीच फरक पडत नाही. उलट चालू अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळून दिवे आणि खुद्द अल्टरनेटर जळू शकतो.

डिझेलचा पाईप बंद करणं हाही उपाय आहे, पण धीराचा. फिल्टरमध्ये आणि पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन आणखी काही मिनिटं चालतं. शिवाय लाइनमध्ये हवा शिरते, आणि पुन्हा सुरू करण्याआधी हातपंप मारून, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून ती काढत बसावं लागतं. नोझलचे पाईप ढिले करून इंजिन मारायचा मोह मात्र टाळावा. त्या पाईपांतला दाब इतका असतो की डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण तो शस्त्रक्रियेचा विषय असतो.

रेस झालेलं इंजिन

आता दुसरा आजार. जुन्या ट्रकच्या इंजिनाची कमाल मर्यादा साधारण मिनिटाला २,४०० ते २,८०० फेरे असते. गव्हर्नरचा ताबा सुटला की इंजिन ती ओलांडून जातं. आवाज किंचाळल्यासारखा होतो आणि एक्झॉस्टमधून धुराचे लोट निघतात. वेळेत थांबवलं नाही तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो, फ्लायव्हीलचे तुकडे उडू शकतात.

धुराचा रंग इथे कामाला येतो. काळा धूर असेल तर जास्तीचं डिझेल जातंय, म्हणजे रॅक भरलेल्या बाजूला अडकली आहे. निळसर-पांढरा दाट धूर असेल तर इंजिन डिझेलवर चाललेलंच नाही, ते स्वतःचं ऑइल जाळतंय. अशा वेळी स्टॉप केबल ओढून काहीच होत नाही, कारण पंपाकडून इंधन कधीच बंद झालेलं असू शकतं.

ऑइल आत जातं कसं? टर्बोचं सील फुटून, झिजलेल्या पिस्टन रिंगांमुळे ब्रीदरच्या पाईपातून किंवा चेंबरमध्ये गरजेपेक्षा जास्त ऑइल ओतल्यामुळे. फीड पंपाचं किंवा इंजेक्शन पंपाचं सील गळून डिझेल चेंबरमध्ये उतरणं हेही एक कारण आहे. डिपस्टिकवर ऑइल *वाढलेलं* दिसलं, पातळ लागलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर गाडी सुरूच करू नये. ऑइल कमी झालं की सगळे काळजी करतात, वाढलं की खूश होतात. खरी भीती वाढण्याची.

आणखी एक कारण खास जुन्या गाड्यांचं. त्यांच्या एअर क्लीनरच्या तळाशी ऑइल असतं, धूळ त्यात अडकते. जांभ्या चिऱ्याच्या खाणीवर फिरणाऱ्या ट्रकचं हे ऑइल लाल चिखलासारखं होतं आणि सारखं बदलावं लागतं. बदलताना खुणेच्या वर भरलं, की वाढलेल्या वेगात इंजिन ते ऑइल सरळ आत ओढतं. म्हणजे सर्व्हिसिंग करून आणलेली गाडीच रेस होते.

आणि पावसाळ्यानंतरचा पहिला स्टार्ट. बहुतेक जुन्या पंपांत इंजिन बंद झाल्यावर गव्हर्नरची स्प्रिंग रॅकला पुन्हा भरलेल्या बाजूला ढकलून ठेवते, कारण थंड इंजिन सुरू करायला जास्त डिझेल लागतं. गाडी दोन महिने उभी राहिली, टाकीत ओल धरून पाणी साचलं आणि ते पंपात उतरून गंज धरला, की रॅक त्याच जागी चिकटते. मग स्टार्टर मारताच इंजिन थेट पूर्ण डिझेलवर सुटतं. जून-जुलैत उभ्या राहिलेल्या मासळीच्या गाडीला हा धोका म्हणूनच जास्त.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. बऱ्याच दिवसांनी गाडी सुरू करण्याआधी पंपावरचा स्टॉप लिव्हर हाताने दोन-चार वेळा हलवून बघायचा. तो सहज गेला पाहिजे आणि सोडल्यावर स्प्रिंगने झटकन परत आला पाहिजे. अडखळला तर स्टार्टरला हात लावायचा नाही. फिल्टरखालचा स्क्रू उघडून पाणी निघतंय का, तेही तेव्हाच बघून घ्यावं.

त्या काही सेकंदांत

गाडी उभी असताना रेस झाली, तर पहिल्या दोन-तीन सेकंदांतच स्टॉप ओढायचा. फरक पडला नाही तर हवा तोडायची. एअर क्लीनरचा होज काढून इंजिनाकडच्या तोंडावर जाड लाकडी फळी किंवा पत्रा घट्ट दाबून धरायचा. हात किंवा फडका कधीही नाही. ओढ इतकी असते की फडका आत जातो आणि तळहात सुटत नाही. कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक जवळ असेल तर त्याची धार हवेच्या तोंडात सोडली की इंजिन गुदमरतं. पावडरच्या अग्निशामकाचा भरवसा नाही, आणि ती पावडर इंजिनाची वाट लावते ती वेगळीच.

वेग फार वाढलेला नसेल, तर गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाकून, पायाचा ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडायचा. समोर आणि मागे माणूस नको. वेग फार वाढला असेल तर क्लच प्लेट घसरून जळते आणि इंजिन थांबत नाही, म्हणून हा निर्णय उशिरा घेऊन चालत नाही. काहीच जमत नसेल तर इंजिनापासून लांब व्हायचं, विशेषतः पंख्याच्या आणि फ्लायव्हीलच्या रेषेतून. इंजिन पुन्हा बांधता येतं.

चालत्या गाडीत हे घडलं तर पाय आपसूक क्लचवर जातो, आणि तीच सर्वांत मोठी चूक. क्लच दाबला की इंजिनावरचा उरलासुरला भार जातो आणि वेग आणखी भडकतो. गाडी गिअरमध्येच ठेवून, ब्रेक लावत, शक्य असेल तर चढाच्या बाजूला थांबवून तिथेच इंजिन दाबून मारायचं. आंबा घाटात किंवा परशुराम घाटात उतारावर असताना उलटा विचारही करावा लागतो: इंजिन बंद पडलं की एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगही थांबतं. तेव्हा आधी गाडी थांबवायची, मग इंजिन.

गॅस गळतीत डिझेल इंजिन

एक कारण बाहेरून येतं. हवेत गॅस किंवा पेट्रोलची वाफ मिसळली असेल, तर डिझेल इंजिन ती हवेबरोबर ओढतं आणि इंधन म्हणून जाळतं. पंप बंद केला तरी ते थांबत नाही. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सास सिटीतल्या बीपीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात ज्वलनशील वाफेचा ढग पसरला. जवळच एक डिझेल पिकअप चालू अवस्थेत उभी होती, तिचं इंजिन अचानक रेस झालं. ढग पेटला तो बहुधा याच गाडीमुळे, असं तपासात पुढे आलं. १५ जण दगावले.

मुंबई-गोवा महामार्गावर गॅसचे टँकर सतत धावतात आणि वळणांवर उलटतातही. अशा वेळी पोलीस मागच्या गाड्या लांबच रोखतात आणि इंजिनं बंद करायला लावतात, त्यामागे हेही एक कारण आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागी साचतो. वास आला की लगेच, इंजिन अजून आपल्या ताब्यात असतानाच ते बंद करायचं आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, उंचावर चालत जायचं. 'गाडी काढून घेतो' म्हणून परत स्टार्टर मारायचा नाही.

नव्या गाड्यांचं काय?

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. यांतल्या बहुतेक गाड्यांत कॉमन रेल असते आणि नोझल कॉम्प्युटरच्या विजेवर उघडतात. चावी बंद केली की इंजिन खरोखरच बंद होतं. टर्बोचं सील फुटून ऑइलवर रेस होण्याचा धोका मात्र त्यांनाही आहे. बीएस-६ गाड्यांत सायलेन्सरमधला फिल्टर साफ करण्यासाठी जादा डिझेल फवारलं जातं. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते पूर्ण जळत नाही आणि हळूहळू चेंबरमधल्या ऑइलमध्ये उतरतं. त्यामुळे डिपस्टिकवरची रेषा वर सरकतेय का, हे बघणं नव्या गाडीच्या मालकालाही चुकलेलं नाही.

रेस होऊन थांबवलेलं इंजिन 'आता काय होतंय बघू' म्हणून लगेच पुन्हा सुरू करू नये. आधी ऑइलची पातळी, एअर क्लीनर, टर्बोच्या पाईपातलं ऑइल आणि पंपाचा लिव्हर या चार गोष्टी बघायच्या. चारही ठीक दिसल्या तरी गाडी टोचन लावूनच गॅरेजला न्यायची.